घेणं ना देणं

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणं फार अवघड असतं, असं आमच्या घरी अजून समजतात. मीही तो समज जपून ठेवला आहे. खरं तर १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून आत शिरण्याचा प्रश्न महाराष्ट्रात बराचसा सुटला. उसाच्या कारखान्यांशेजारी इंजिनिअर गाळायचे कारखाने उभे राहिले. बाहेर पडण्याचा प्रश्न मात्र अजून कोणत्याही सरकारने हातात घेतलेला नाही.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर टाकला की सुटलो, असं मुलांना वाटतं. पण पेपर विद्यापीठाचे असतात. कॉलेजची परीक्षा त्यानंतर सुरू होते, तिला एकच पेपर असतो आणि त्याचं नाव ‘नो ड्यूज’.

हा एक पिवळट कागद असतो. वर नाव, रोल नंबर, शाखा. खाली चौकटीच चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत सहीसाठी नखभर जागा. ग्रंथालय, वर्कशॉप, जिमखाना, एनसीसी, वसतिगृह, प्रयोगशाळा, प्लेसमेंट सेल, लेखा विभाग, माजी विद्यार्थी संघ. या सगळ्यांनी ‘या विद्यार्थ्याकडून आमचं काही येणं नाही’ असं लिहून दिलं, की मग ऑफिस लिव्हिंग सर्टिफिकेट देतं. थोडक्यात, आपण निरुपद्रवी होतो हे सिद्ध करायची जबाबदारी आपली.

‘‘मॅडम, मी एनसीसीत नव्हतो,’’ मी ऑफिसच्या खिडकीतून म्हटलं.

‘‘मग नव्हतास म्हणून सही आण.’’

‘‘वसतिगृहातही नव्हतो. बाहेर कॉट बेसिसवर राहतो.’’

‘‘रेक्टरना जाऊन तसं सांग. ते सही करतील.’’

‘‘आणि माजी विद्यार्थी संघाची कशाला? मी अजून आजी आहे.’’

‘‘त्यांची फी भरल्याशिवाय माजी होता येत नाही,’’ असं म्हणून मॅडमनी खिडकी लावली. जेवणाची सुट्टी व्हायला अजून बराच वेळ होता, पण त्यांच्या घड्याळात झाली असावी.

इथे माझी खरी पंचाईत झाली. या सगळ्या जागा कॉलेजात नेमक्या कुठे आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या कॉलेजचा नकाशा म्हणजे गेट, पार्किंग, कँटीन आणि महिनाअखेरीला डिफॉल्टर लिस्ट लागली की मागचा बाक. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम मी कधीच विसरलो नाही. ते पंचाहत्तर टक्के नेमके कोणत्या आठवड्यात भरायचे याबद्दल कॉलेजचे आणि माझे मतभेद होते, एवढंच. ग्रंथालय कुठे आहे, असं मी ज्याला विचारलं तो पहिल्या वर्षाचा मुलगा निघाला. त्याने मला दारापर्यंत आणून सोडलं आणि जाताना आदराने विचारलं, ‘‘सर, तुम्ही एक्सटर्नल का?’’

ग्रंथालयात माझ्या नावावर एक पुस्तक होतं. पहिल्या वर्षी बुक बँकेतून घेतलेलं एन. डी. भट्ट यांचं ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’. या पुस्तकाचा मी पुरेपूर उपयोग केला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ड्रॉइंगची शीट दोन प्रकारे काढता येते. एक, डोकं चालवून. दोन, जीटी मारून. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच घ्यायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर गिरवत बसायचं. यात काच खाली बल्बला टेकू नये म्हणून दोन्ही बाजूंना भक्कम आधार लागतो. आमच्या काचेच्या डाव्या बाजूला भट्ट होते. त्यांच्या आधाराशिवाय मी ड्रॉइंगमध्ये पास झालो नसतो, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

ग्रंथपाल मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये माझं नाव घातलं, आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

‘‘पुस्तक सापडलंय का?’’

‘‘हो मॅडम, हे बघा, आणलंय,’’ मी अभिमानाने म्हटलं. पुस्तक टेबलावर ठेवलं. त्याच्या पाठीवर काचेच्या कडेने पडलेली एक सरळ रेघ होती. अख्ख्या पहिल्या वर्षात माझ्या हातून झालेलं तेवढंच ड्रॉइंग अचूक होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘कशाला आणलंस? उशिराचा दंड पुस्तकाच्या किमतीच्या पुढे गेलाय. हरवलं म्हणाला असतास तर नुसती किंमत भरून सुटला असतास.’’

‘‘मग हरवलं असं लिहा ना.’’

‘‘आता कसं लिहू? समोर दिसतंय की.’’

मी दंड भरला. प्रामाणिकपणा हे सर्वोत्तम धोरण आहे असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं; त्याचा दर मात्र ग्रंथालयात आल्यावर कळतो.

जिमखान्यात याच्या उलट घोटाळा निघाला. तिथले सर कॅरम बोर्डावर पावडर टाकत होते. ‘‘कोणता खेळ?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कोणताच नाही सर.’’

‘‘मग सही कशी देणार? खेळला असतास तर साहित्य नेल्याची नोंद असती, परत केल्याची नोंद असती. तुझी नोंदच नाही.’’

‘‘काही नेलंच नाही म्हणून नोंद नाही ना सर.’’

‘‘हे तू म्हणतोस. रजिस्टर काय म्हणतं?’’

रजिस्टर काहीच म्हणत नव्हतं, हीच अडचण होती. शेवटी सरांनीच मार्ग काढला. माझ्या नावावर एक स्ट्रायकर दिला, त्याची नोंद केली, मी तो उभ्या उभ्या परत केला, त्याची नोंद केली, आणि मग ‘साहित्य परत मिळाले’ म्हणून सही केली. निघताना म्हणाले, ‘‘खेळात भाग घेत जा रे. शरीर चांगलं राहतं.’’ अशा रीतीने पदवीच्या उंबरठ्यावर माझी क्रीडा कारकीर्द सुरू झाली आणि त्याच मिनिटाला निवृत्तीही झाली.

वर्कशॉपमध्ये नोंद होती. पक्की, निळ्या शाईत: ‘१ फाईल येणे’. हे वाचून मला हायसं वाटलं. फाईल ही गोष्ट इंजिनिअरला नवी नाही. आमचं अख्खं शिक्षण तीत लावलेलं असतं. मी धावत स्टोअरमधून प्लास्टिकची एक नवी निळी फाईल आणली आणि वर्कशॉपच्या मामांपुढे ठेवली. मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली. मग न बोलता आत गेले आणि एक गंजकी कानस आणून माझ्या नाकासमोर धरली.

‘‘ही फाईल. लोखंड घासायची. तुम्ही नेलीत, आणली नाहीत.’’

तेव्हा आठवलं. पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब असतो. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा आणि दुसऱ्या तुकड्यात बसवायचा. माझे तुकडे एकमेकांत बसायला तयार नव्हते, म्हणून घासायचं उरलेलं काम मी खोलीवर नेलं होतं. जॉब नंतर एका सीनिअरकडून तयार घेतला आणि कानस रूममेटने खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्या फटीत खोचली. ती खोली सोडली तेव्हा खिडकीही मागे राहिली.

पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं १८५४ साली. नाव होतं ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’, तेच पुढे सीओईपी झालं. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून मिळावीत, एवढाच तेव्हाचा माफक हेतू होता. त्या मुलांना कानस धरता येत असणार. मला ती विकतही घेता येईना, हे रविवार पेठेत बोहरी आळीत गेल्यावर समजलं.

‘‘कानस पाहिजे,’’ मी म्हटलं.

‘‘कोणती?’’

‘‘लोखंड घासायची.’’

‘‘ते कळलं. चपटी, अर्धगोल, गोल, चौकोनी, त्रिकोणी?’’

‘‘...चपटी.’’

‘‘किती इंची?’’

‘‘मध्यम.’’

‘‘बास्टर्ड?’’

चार वर्षांत मला बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हटलं आहे, पण पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला असं कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं. माझा चेहरा पाहून दुकानदार म्हणाला, ‘‘अहो, दाते कसे पाहिजेत? जाड असले तर बास्टर्ड. मग सेकंड कट. मग स्मूथ. तुम्ही काय करता?’’

‘‘मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे, होतोय.’’

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मग पोऱ्याला हाक मारली. ‘‘साहेबांना दहा इंची बास्टर्ड दे. मूठ तूच बसवून दे रे.’’

माझ्या अख्ख्या अभ्यासक्रमातली एकमेव खरी तोंडी परीक्षा ती. कॉलेजातली तोंडी परीक्षा फारच मवाळ असते. तिथे एक्सटर्नल येतात, त्यांना चहा आणि सामोसा दिला जातो, आणि सामोसा गरम असेपर्यंत पहिला प्रश्न येत नाही. आमच्या प्रोजेक्टच्या परीक्षेत खरं तर काहीच घडायचं नव्हतं. सौरऊर्जेवर चालणारा फवारणी पंप. तो आम्ही बनवला होता असंही म्हणता येईल. निदान टेम्पोतून आम्हीच उतरवून घेतला होता. अहवाल काळ्या कापडी बांधणीत, वर सोनेरी अक्षरं. आतली पानं जुन्या अहवालांतून निवडक घेतली होती. ‘ऋणनिर्देश’ हे पान कोण लिहिणार यावर आमच्यात शेवटच्या रात्री वाद झाला, तेव्हा एकाने नेटवरून एक छान भारदस्त मजकूर उतरवला. तो कुणाच्यातरी पीएच.डी.चा होता. गाईडनी सही केली, विभागप्रमुखांनी सही केली, प्राचार्यांचा शिक्का बसला.

एक्सटर्नलनी सामोसा संपवला, अहवाल उघडला आणि नेमकं तेच पान वाचलं. मग आम्हा चौघांकडे पाहून म्हणाले, ‘‘पत्नी आणि दोन मुलांनी दाखवलेल्या संयमाबद्दल आभार मानलेत. छान. मुलं कितवीत आहेत?’’

आम्ही गप्प. आमच्यातला टॉपर, ज्याला कोणत्याही प्रश्नाला उत्तर द्यायची खोड आहे, तो म्हणाला, ‘‘सर, ते टीमवर्क होतं.’’

आम्ही पास झालो. एक्सटर्नलना पुढच्या कॉलेजात पोचायचं होतं.

या धावपळीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कॉलेजात प्रेमाची लाट आली होती. ज्या पायऱ्यांवर बसल्याबद्दल रोज शिव्या खाल्ल्या, त्या पायऱ्यांवर मुलं पाय लांब सोडून फोटो काढून घेत होती. ज्या सरांच्या तासाला मागच्या दाराने निघून जायची पद्धत होती, त्यांच्याभोवती सेल्फीसाठी रांग लागली होती, आणि सरांनाही यातली निम्मी तोंडं नवीन होती. कुणीतरी जुनी डिफॉल्टर लिस्ट फळ्यावरून काढून आठवण म्हणून घेऊन गेलं. त्यावर दुसऱ्याने भांडण केलं, कारण त्याचं नाव तीत वर होतं. सेंड-ऑफला ज्युनिअर मुलांनी फिशपाँड टाकले. मला पडला तो ‘लुप्तप्राय प्रजाती’. मी उठून हात जोडले. टाळ्या वाजवणाऱ्यांतले बरेचजण शेजाऱ्याला ‘हा कोण?’ असं विचारत होते. नंतर भाषणं झाली. आमच्या वर्गाचा प्रतिनिधी बोलता बोलता रडला. चार वर्षं हे कॉलेज बंद पडावं म्हणून त्याच्याइतकं मनापासून कुणी बोललं नव्हतं.

मीही हलून गेलो होतो, पण माझं कारण निराळं होतं. वर्कशॉप चांगलं होतं. उंच छताचं, गार, तेलाच्या वासाचं. ग्रंथालयात खिडकीला लागून मोठी टेबलं होती आणि पंखे चालू होते. जिमखान्यामागे गुलमोहर होता. हे सगळं फीमध्ये होतं, आणि मला त्याचा पत्ता बाहेर निघायच्या कागदावर मिळाला.

हिशेब फक्त कॉलेजच मिटवत होतं असंही नाही. मेसच्या काकूंकडून माझंच येणं होतं. मी सुट्टीत घरी बार्शीला जात असे, त्या दिवसांचे खाडे त्यांच्याकडे साठले होते. ‘‘खाडा सलग असला तरच धरते,’’ काकू म्हणाल्या. मग वही काढली आणि रविवारच्या फीस्टला मी आणलेले पाहुणे मोजले. त्यातले दोन मला आठवत नव्हते, पण त्यांनी किती गुलाबजाम घेतले ते काकूंना आठवत होतं. शेवटी मलाच थोडे पैसे द्यावे लागले. घरमालक आजोबांनी डिपॉझिटमधून भिंतीतल्या खिळ्यांचे पैसे कापले. ते खिळे माझ्या आधीच्या भाडेकरूचे होते आणि त्याच्याही डिपॉझिटमधून कापले गेले होते. त्या भिंतीने आजोबांना पेन्शनीपेक्षा जास्त दिलं असेल.

खरी बाकी होती ती गेटसमोरच्या टपरीवर. अण्णांच्या लांबट वहीत माझं एक अख्खं पान होतं. चहा, क्रीमरोल, पुन्हा चहा. ‘‘अण्णा, प्लेसमेंट झाली की देतो,’’ असं मी तिसऱ्या वर्षात म्हणालो होतो. प्लेसमेंट झाली. मग ‘‘जॉइनिंग झालं की देतो,’’ असं म्हणालो. अण्णांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण नो ड्यूजच्या कागदावर टपरीची चौकट नाही. जिथे माझ्याकडून खरोखर काही येणं होतं, त्या एकाच ठिकाणची सही कॉलेजला नको होती.

घरून रोज फोन. बाबा शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना दिवाणखान्याच्या भिंतीवर माझा गाउनमधला फोटो हवा होता.

‘‘बाबा, पदवीदान बऱ्याच महिन्यांनी असतं. आत्ता फक्त लिव्हिंग मिळेल.’’

‘‘रानडे-भांडारकर १८६२ साली बी.ए. झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली तुकडी. आणि तुझं एका कागदावर अडलंय?’’

‘‘त्यांना कानस परत करायची नव्हती बाबा.’’

‘‘त्यांना ग्रंथालयाचा दंडही झाला नसता,’’ बाबा म्हणाले. दंडाची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली, हे मला अजून कळलेलं नाही. ‘‘आणि गाउन भाड्याने घेऊ नकोस, डिपॉझिट परत देत नाहीत.’’

‘‘गाउनच असेल असंही नाही. पुणे विद्यापीठात २०१९ साली पगडी होती. ती पुणेरी असावी की फुले पगडी, यावरून वाद झाला होता.’’

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘डोक्यावर काय घालायचं यावर वाद झाला. तुमच्या डोक्यात काय घातलं, यावर कुणी वाद घालत नाही वाटतं?’’

फोन आईने घेतला. मग आत्याने. आत्याचा एकच प्रश्न असतो: पॅकेज किती? मी आकडा सांगितला. ‘‘महिन्याला?’’ ‘‘वर्षाला.’’ आत्याने ‘‘असू दे, वाढतं हळूहळू,’’ म्हणून फोन पुन्हा आईला दिला. कंपनी सॉफ्टवेअरची आहे, मी मेकॅनिकलचा आहे, आणि रुजू व्हायची तारीख ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ कळवणार आहेत. म्हणजे त्यांनाही अजून माझी गरज पडलेली नाही. या बाबतीत कंपनीचं आणि कॉलेजचं एकमत दिसतं.

शेवटची सही लेखा विभागाची. कानस मामांनी अंगठ्याने तपासून घेतली होती, ‘‘बास्टर्ड आहे, चांगली आहे,’’ असा शेराही दिला होता. माजी विद्यार्थी संघाची फी भरून मी अधिकृतपणे माजी झालो होतो. एनसीसीच्या सरांनी ‘हा नव्हता’ असं लिहून सही केली होती. खिडकीतल्या मॅडमनी सगळ्या चौकटी बोटाने मोजल्या, शिक्का शाईत दाबला आणि कागदावर उमटवला: ‘या विद्यार्थ्याकडून संस्थेचे कोणतेही येणे नाही.’

‘‘झालं?’’ मी विचारलं.

‘‘झालं. याच्या तीन झेरॉक्स आण.’’

त्या रात्री, कॉलेजने असं लेखी दिलं असताना, मला काय वाटलं कोण जाणे, मी स्टेटस टाकलं. पिवळट कागदाचा फोटो, मागे पायऱ्या, आणि वर ओळ: ‘या कॉलेजचं मी खूप देणं लागतो. कधीच फेडू शकणार नाही.’ बदाम पडू लागले. जे आयुष्यात माझ्याशी बोलले नव्हते त्यांनी रडकी तोंडं पाठवली. आत्याने हात जोडले. ग्रंथपाल मॅडमनीसुद्धा अंगठा दाखवला.

साडेअकराच्या सुमारास अण्णांचा मेसेज आला. सोबत क्यूआर कोड होता.

‘वाचलं. खूप नाही रे, थोडंच आहे. जमेल फेडायला.’